अहस्तांतरणीय

काही शब्द बोलण्यासाठी जन्माला येतात आणि काही केवळ छापण्यासाठी. 'अहस्तांतरणीय' हा दुसऱ्या जातीतला. मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, वीस-बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. पण हा शब्द कोणी तोंडाने उच्चारल्याचे मला स्मरत नाही. दातांची फार ओढाताण होते. आणि तरीही माझ्यासारख्या मध्यमवर्गीय माणसाचे सारे आयुष्य याच शब्दाच्या छायेत जाते. माझ्या खिशातला कर्जत-मुंबई मासिक पास अहस्तांतरणीय. दिवसभर ज्यांच्यावर मी शिक्के मारतो त्या मुदत ठेवीच्या पावत्या अहस्तांतरणीय. लॉकर अहस्तांतरणीय. या ठिकाणी बायकोवर एक विनोद करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पण आमच्या घरी माझे लेख छापून येण्याआधी वाचले जातात, तेव्हा पुढे जाऊ.

पासाचे कारण समजण्यासारखे आहे. रेल्वेने मला डबा विकलेला नाही, बाकही विकलेले नाही. (चौथ्या सीटवर जी एक मांडी टेकते, तीसुद्धा शेजाऱ्याच्या मर्जीने.) रेल्वेने मला फक्त 'ये-जा कर' एवढेच म्हटले आहे, आणि मी तापाने पडलो म्हणून माझ्या वतीने मेव्हण्याने ये-जा केली, तर १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्याची शिक्षाही सांगून ठेवली आहे. पैसे मोजून घेतलेल्या गोष्टींत काही वस्तू असतात आणि काही परवानग्या, हा भेद तर माझ्या धंद्याचाच आहे. माझी कधी तक्रार नव्हती. फक्त माझा असा समज होता, की दुकानात पैसे दिले, डबा हातात आला, पिशवीत घातला आणि रिक्षाने घरी आणला, की ती वस्तू!

तो डबा विंडोजचा होता.

२०१७ साली मी एक संगणक जोडून घेतला. त्यात घालायला विंडोज-१० चा डबा रीतसर विकत आणला. बँकेतल्या माणसाला ऑडिटर स्वप्नात येतो. घरी चोरीचा माल ठेवून त्याला झोप लागणे कठीण. डब्यात नखाएवढा पेन ड्राइव्ह आणि एक कार्ड. कार्डावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट. पंचवीस अक्षरे! दर अक्षरामागे काय भाव पडला याचा हिशेब मी दुकानातच केला आणि तो आजतागायत घरात कोणाला सांगितलेला नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० ची अधिकृत देखभाल थांबली. पुढे सुरक्षेच्या डागडुजीसाठी वर्षभराची वाढीव मुदत जाहीर झाली, पण मुदतवाढीचा अर्थ बँकेत बसणाऱ्याला सांगायला नको. पुढची पायरी म्हणजे विंडोज-११. आणि तिने उंबरठ्यावरच अशा काही अटी घातल्या आहेत, की माझ्या यंत्राचा २०१७ सालचा मेंदू त्यात बसत नाही. यंत्र ठणठणीत. फक्त नव्या चाळीत म्हाताऱ्याला खोली द्यायची नाही असे ठरलेले. त्याच सुमारास आमचे चिरंजीव बारावीत गेले, आणि बारावीच्या अभ्यासाला फार मोठे ग्राफिक्स कार्ड लागते, ही माहिती मला त्यांच्याकडून मिळाली. नवे यंत्र जोडायचे ठरले.

स्टेशनाजवळ एक पोरगा हे काम करतो. पोरगा हुशार. तो म्हणाला, "साहेब, दोनशे रुपयांत विंडोज मारून देतो." त्या धंद्यात विंडोज 'मारतात', जसे आम्ही शिक्का मारतो. मी म्हटले, "माझ्याकडे ओरिजिनल आहे. जुन्या यंत्रातले काढून नव्यात घालता येईल का बघ." रस्त्यात सापडलेले पाकीट पोलिसात द्यायला निघालेल्या माणसाकडे पाहावे, तसे त्याने माझ्याकडे पाहिले. कीवही होती त्यात आणि थोडा आदरही.

घरी सौ.ला हा प्रकार समजावून सांगताना मात्र मी अडकलो. संगणकात एक मूळ कारभारी असतो, तो नसला तर यंत्र म्हणजे नुसता पत्रा, आणि त्या कारभाऱ्याला ठेवण्याचा परवाना आपण विकत घेतलेला असतो, इथवर ठीक. "मग तो नव्यात नेता येईल की नाही, यात एवढा विचार कसला?" ती म्हणाली. "नवं कपाट घेतलं तर साड्या जुन्या कपाटातच ठेवायच्या का?"

प्रश्न बिनतोड होता. पण तो पोरगा म्हणाला, की काही कपाटांत साड्या आतून शिवूनच येतात.

म्हणजे असे. तयार लॅपटॉप घेतला, की त्यात विंडोज आधीच असते. त्याचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला. विंडोज-८ आले तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, ती पंचवीस अक्षरे बहुधा मदरबोर्डाच्या पोटातच लिहून येतात. लॅपटॉप कोणाला विका, द्या, परवाना त्याच्याबरोबर जाईल. लॅपटॉप मेला, की सती जाईल. आम्हा कर्जतकरांना हे समजायला जड नाही. आमच्या स्टेशनात इंजिनांनाही बँकर म्हणतात. पुण्याकडे जाणारी गाडी आली, की तिला मागून जादा इंजिने जोडायची. सदतीस फुटांत एक फूट अशा चढाने ती तिला बोरघाटातून वर ढकलतात आणि लोणावळ्याला सोडून परत येतात. (या दोन मिनिटांत वडा मिळतो, म्हणून कर्जत भारतभर प्रसिद्ध आहे. बँकरचे नाव कोणी घेत नाही. हेही ओळखीचेच.) तर तो बँकर गाडीचा नसतो, प्रवाशांचा नसतो, घाटाचा असतो. तिकिटाचे पैसे तुम्ही दिले म्हणून मिरजेपर्यंत तो तुमच्याबरोबर येत नाही.

उलट डब्यातून सुटा घेतलेला परवाना माणसाशी बांधलेला. तो एका यंत्रातून दुसऱ्यात नेता येतो, पहिल्या धन्याला तो दुसऱ्या माणसाला देताही येतो. अट एकच, की जुन्या यंत्रातून तो पुसायचा. एका वेळी एक यंत्र. पोराने काळ्या चौकटीत काही अक्षरे बडवली, खाली 'रिटेल' असा शब्द उमटला, आणि त्याने जाहीर केले, "साहेब, साड्या सुट्या आहेत."

प्रश्न इथेच संपायला हवा होता. पण मी तो करारनामा वाचायला घेतला. हा करारनामा वाचणारा कर्जत तालुक्यातला मी पहिलाच मनुष्य असेन. बाकी सगळे 'मान्य आहे' या चौकटीवर टिचकी मारून मोकळे होतात, जसे आमचे कर्जदार सतरा ठिकाणी सह्या करून चहाची वाट पाहत बसतात. त्यात पहिल्याच पानावर लिहिलेले असते, की हे तुम्हांला विकलेले नाही, वापरायला दिलेले आहे. आता आली का पंचाईत! दुकानदाराने पावती दिली, कर लावला, 'थँक्यू' म्हणाला; आणि विक्री झालीच नाही?

मोठमोठ्या न्यायालयांनीही यावर डोके खाजवले आहे. अमेरिकेत टिमोथी व्हर्नर नावाचे एक गृहस्थ ऑटोकॅडच्या जुन्या, रीतसर प्रती लिलावात विकत. २०१० साली तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले, की ज्याच्याकडून तू या घेतल्यास तोच मालक नव्हता, नुसता परवानाधारक होता. मग तू कसला विकतोस? दोनच वर्षांनी, ३ जुलै २०१२ रोजी, युरोपच्या न्यायालयाने ओरॅकल आणि यूज्डसॉफ्ट यांच्या भांडणात नेमके उलटे सांगितले: एकदाच पैसे घेऊन कायमचा परवाना दिलात ना, मग ती विक्रीच, घेणारा ती पुढे विकू शकतो, मात्र स्वतःची प्रत त्याने निकामी केली पाहिजे. म्हणजे एकच डबा लक्झेंबर्गात वस्तू आणि कॅलिफोर्नियात परवानगी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअरला माल म्हटले, म्हणजे विक्रीकर आला. आणि २ मार्च २०२१ च्या निकालात म्हटले, की असा माल घेणाऱ्याकडे मूळ स्वामित्वहक्क जात नाही, म्हणून त्याच्या किमतीला रॉयल्टी म्हणू नका. वाणिज्य शाखेच्या माणसाला हे वाचून बरे वाटते. पुस्तक आपले, त्यातली कथा लेखकाची, इतके सोपे आहे ते.

खरे तर या देशोदेशीच्या न्यायमूर्तींनी गिरगावातल्या एखाद्या चाळीत येऊन चहा घ्यायला हवा होता. पागडीची खोली! भाडेकरू मालक नसतो. तरी तो खोली 'विकतो'. मालक मालक असतो, तरी त्याला ती विकता येत नाही. विकताना तो आपला वाटा तेवढा घेतो. हे सगळे इतकी वर्षे बिनबोभाट चालले होते, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते कागदावरही मान्य केले, आणि मालकी कोणाची या प्रश्नावरून आमच्या मामांची एक दिवसाचीही झोप उडाली नाही.

माझी उडाली, ती वेगळ्याच कारणाने.

जुन्या संगणकाचे काय करायचे, हे सौ.ने केव्हाच ठरवून टाकले होते. आमच्याकडे ठाकुरवाडीची एक मावशी येते. ठाकुरवाडी हे घाटातल्या रेल्वेच्या एका ठाण्याचे नाव आहे हे खरे, पण ती नव्हे. कर्जत-खालापुरात डोंगराच्या कडेला उभे राहून 'ठाकुरवाडी' म्हणून हाक मारलीत, तर चारी बाजूंनी ओ येईल. ठाकरांची वाडी ती ठाकुरवाडी. मावशी उन्हाळ्यात करवंदे आणते, पावसाच्या तोंडाला शेवळे, थंडीत वालाच्या शेंगा. तिची नात बारावी होऊन कॉमर्सला गेली आणि एमएस-सीआयटीच्या क्लासला बसली. क्लासात यंत्रापुढे तास मिळतो, घरी सराव कशावर करणार? "वहिनी, मोबाइलवर होत नाय म्हणते," मावशी सौ.ला म्हणाली. झाले. जुना संगणक ठाकुरवाडीला जाणार.

आणि आता पाहा पंचाईत. परवाना एक. तो मी नव्या यंत्रात नेला, तर तो माझा हक्कच. करारनामा तसे स्पष्ट म्हणतो. पण मग मावशीच्या नातीला मिळणार काय? पत्रा! एमएस-सीआयटीचा सराव विंडोजवरच करायचा असतो.

"तसं कसं?" आता सौ. दुसऱ्या पक्षात गेली. "कुड्या द्यायच्या आणि फिरक्या काढून घ्यायच्या?"

"पण परवा तूच साड्यांचं उदाहरण दिलंस."

"परवा कपाट कोणाला द्यायचं नव्हतं."

मी म्हटले, "मोबाइल देताना आपण सिमकार्ड काढून घेतोच की." ती म्हणाली, "बॅटरी काढून घेतो का?" हा प्रश्न मी बँकेत चार जणांना विचारला. विंडोज हे सिमकार्ड की बॅटरी? दोन जण सिमकार्ड म्हणाले, एक बॅटरी म्हणाला, आणि आमच्या कॅशियरने 'तू रजा घे' असे सुचवले.

पोराचा उपाय तयारच होता. "दोन्हीवर ठेवा. एकाला खरी लावू, एकाला मी मारून देतो. कोणाचं काय जातंय?" 'कोणाचं काय जातंय' हा या युगातला सर्वांत अवघड नैतिक प्रश्न आहे असे माझे मत आहे, कारण त्याला सोपे उत्तर नाही. मी तुमची सायकल नेली, तर तुम्ही पायी जाता. मी तुमच्या सायकलीची नक्कल केली आणि तुमची तुमच्याजवळच राहिली, तर तुम्ही पोलिसांना काय सांगणार? मात्र आम्हां बँकवाल्यांना एक गोष्ट माहीत असते. खोटी नोट छापणाराही कोणाच्या खिशातून काही काढत नाही. उलट बाजारात एक नोट वाढवतो. तरी तो आत जातो. कारण त्याने एका माणसाचे नव्हे, सगळ्यांचे थोडे-थोडे नेलेले असते. एकच पावती दोन बँकांत तारण ठेवून दोन कर्जे उचलणारे महाभाग मी पाहिले आहेत. तेही हेच म्हणतात, "कोणाचं काय गेलं?" मी पोराला नाही म्हटले. तो रागावला नाही. अशी माणसे असतात हे त्याला ऐकून माहीत असावे.

मग माझ्या डोक्यात दुसरा किडा शिरला. समजा विंडोज-१० त्या यंत्रातच ठेवले आणि यंत्र दिले. पण १४ ऑक्टोबरनंतर त्याची दुरुस्ती थांबलेली. कठोपनिषदातल्या वाजश्रवसाची गोष्ट आठवा. यज्ञात सर्वस्व दान करायला निघाला आणि दिल्या कसल्या, तर ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले अशा गाई. तो लहानगा नचिकेता बघत होता, म्हणून पुढचे सगळे उपनिषद झाले. आमच्या घरीही एक नचिकेता आहे. त्याने फक्त एवढेच विचारले, "बाबा, तुम्ही विंडोज त्यांना दिलंत तर माझ्या मशीनमध्ये काय?" प्रश्न ब्रह्मज्ञानाचा नव्हता, पण उत्तर तितकेच कठीण होते.

या घोळात असताना एका रविवारी मावशी एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. आत घडी घातलेला सरकारी कागद. वनहक्काचा पट्टा. २००६ च्या कायद्याखाली मिळालेला; तिचे आणि तिच्या गेलेल्या नवऱ्याचे, दोघांचीही नावे त्यावर. कायद्यातच आहे तसे, पट्टा नवरा-बायकोच्या जोडनावाने. त्या कायद्याने जास्तीत जास्त चार हेक्टरांपर्यंत हक्क मिळतो. मावशीचा तुकडा गुंठ्यांत मोजण्याइतका.

"दादा, एक जण गाडी घेऊन वाडीत आला व्हता. मावशी, कागद दाखव म्हणला. दाखवला. वाचला नि गेला, परत काय आला नाय. काय लिवलंय काय त्यात, भुताचं नाव?"

मी वाचून दाखवले. हा हक्क वारसाकडे जाईल. पण तो विकता येणार नाही, दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही. अहस्तांतरणीय! बावीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला.

"म्हणजे माझी हाय का नाय जमीन?"

"तुमचीच. तुमच्यामागे मुलांची, नातीची."

"नि इकता येत नाय?"

"नाही."

तिने कागदाची घडी घातली. "मग बरंच झालं," ती म्हणाली. "इकता येत नाय म्हणून तर ऱ्हायली."

माझा सगळा करारनामा त्या एका वाक्याने उलटासुलटा झाला. कर्जत-खालापुरात आता भातापेक्षा फार्महाउसचे पीक जोमात आहे. इथे विकता येण्याजोगी जमीन कशी जाते, ते मी काउंटरच्या आतून पाहिलेले आहे. आधी सावकार होता, मग दलाल आला. म्हणून तर महाराष्ट्राला आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देववणारा १९७४ चा कायदा करावा लागला. लॅपटॉपच्या परवान्यावर आणि मावशीच्या पट्ट्यावर शब्द एकच आहे. पण लॅपटॉपवरचा शब्द विकणाऱ्याच्या दारात पहारा करतो, की गिऱ्हाइकाने पुन्हा यावे, पुन्हा पैसे द्यावेत. पट्ट्यावरचा शब्द मावशीच्या दारात बसला आहे, गाडीवाल्यावर भुंकायला. शब्द राखणदार असेल, तर तो कोणाच्या ओसरीवर झोपतो हे आधी बघायला हवे. मी इतकी वर्षे फक्त त्याचे स्पेलिंग बघत होतो.

मग मी उगाच तिला विचारले, "आणि मावशी, भाताचं बियाणं? तेही द्यायचं नाही असं कोणी सांगितलं तर?"

ती हसली. कर्जतचे भात संशोधन केंद्र आमच्याकडे प्रसिद्ध. तिथे निघालेले 'कर्जत-३' तिच्या तुकड्यातही लागते. एकाने नवे बी आणायचे, दुसऱ्या वर्षी वाडीत चौघांकडे जायचे. परतफेड सवाईने, नात्यातला असेल तर तशीच. (सवाई म्हणजे पंचवीस टक्के, आमच्या बँकेला जमणार नाही.) बियाण्याइतका उत्तम नकलाकार जगात दुसरा नाही; एका दाण्याचे शंभर करतो आणि परवाना मागत नाही. आपल्या देशात २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा हा हक्क राखून ठेवला आहे: संरक्षित वाणाचे बीसुद्धा त्याने राखावे, पेरावे, वाटावे, विकावे, फक्त पिशवीवर वाणाचा छाप मारून विकू नये. ज्याने वाण काढले त्याचेही पोट आहे आणि ज्याने पेरले त्याचेही. दोघांना जगवणारा कायदा करता येतो, हे पाहून मला आपल्या संसदेचा अभिमान वाटला. तो वारंवार वाटत नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

संगणकातही बियाण्यासारखी एक जात आहे, हे मला त्या पोराने सांगितले. लिनक्स. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केले, आणि १९९२ पासून ते ज्या परवान्याखाली मिळते तो रिचर्ड स्टॉलमन यांचा. त्या परवान्यालाही अट आहे, आणि ती वाचून मी खुर्चीतून उठलोच. पुढे द्यायला बंदी नाही. पुढे देताना घेणाऱ्याला बंदी घालायला बंदी! म्हणजे तुम्हांला जशी मोकळीक मिळाली तशीच पुढच्याला द्या. आपल्याकडे सी-डॅकनेही, जिचे मुख्य ठाणे पुण्यात आहे, २००७ साली यावरूनच एक भारतीय अवतार काढला आणि त्याचे नाव ठेवले 'बॉस'. दिवसभर एक बॉस सोसणाऱ्या माणसाने घरी दुसरा आणावा की नाही, हा वेगळा प्रश्न.

"मग नुसतं लिनक्सच घाल की त्या जुन्यात," मी पोराला म्हटले. "माझा परवाना माझ्याकडे राहील, दानही होईल."

"घालतो. पण पोरगी परीक्षेत काय करणार?" तो म्हणाला. "तिथे जी स्क्रीन येणार ती तिने घरी बघितलीच नसणार." दोनशे रुपयांत विंडोज मारणारा मुलगा! पण त्याचे बरोबर होते. मी स्वतःसाठी परवाना राखून तिला तत्त्वज्ञान देत होतो. तत्त्व कितीही उदात्त असले, तरी परीक्षा तिची होती.

शेवटी ठरले ते असे. विंडोज जुन्या यंत्रातच राहील. परवाना सुटा असल्याने तो दुसऱ्याला देण्याचा हक्क मला आहेच. शेजारी त्याच यंत्रात लिनक्सही घालायचे. परीक्षेचा सराव विंडोजवर, आणि त्या वेळी इंटरनेटची वायर काढून. बाहेरच्या जगाशी जो काय व्यवहार असेल तो लिनक्सवरून. म्हाताऱ्या गाईला गोठ्यात ठेवायचे, रस्त्यावर सोडायचे नाही.

मावशीची नात यंत्र न्यायला आली तेव्हा मी तिला डबा, कार्ड आणि मूळ पावती दिली. मी बँकेचा माणूस. एका कागदावर तारीख घालून लिहिले, की अमुक यंत्र आणि त्यासोबतचा परवाना आजपासून हिचा, माझ्याकडे त्याची प्रत नाही. खाली सही केली, तिची घेतली. करारनामा घेणाऱ्याला मान्य असावा लागतो, म्हणून तोही तिला वाचायला लावला. तालुक्यातली ती दुसरी. तिसऱ्या पानावर ती थांबली आणि म्हणाली, "सर, हे आजीच्या पट्ट्यासारखंच आहे. पण उलटं."

मी फक्त 'हो' म्हटले. तो शोध लावायला मला दोन आठवडे आणि तीन न्यायालये लागली होती.

टेम्पो दारात होता. मॉनिटर गोधडीत गुंडाळला. मावशीने वालाच्या शेंगांची पिशवी सौ.च्या हातात दिली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला, त्यामुळे दानाच्या खात्यावर लगेच एक जमा-नोंद पडून माझे पुण्य बरेच कमी झाले. पंधरा दिवसांनी नात पेन ड्राइव्ह घेऊन आली. वाडीतल्या एका मुलाच्या यंत्रात लिनक्स घालायचे होते, चालेल का? म्हटले, वाटेल तेवढ्यांना दे. "आणि विंडोज?" मी विचारले. "ते नाही," ती म्हणाली, "ते माझ्या नावावर आहे."

नव्या यंत्रात सध्या लिनक्सच आहे. विंडोजच्या नव्या डब्याची किंमत मी विचारून आलो आहे आणि ती प्रॉव्हिडंट फंडाच्या दृष्टीने विचाराधीन आहे. चिरंजीवांचा एक खेळ लिनक्सवर चालत नाही, म्हणून ते माझ्याशी बोलत नाहीत. बारावीचे वर्ष असल्याने सौ.ने या दोन्ही गोष्टींबद्दल समाधान व्यक्त केले आहे.